उद्या नक्की देते

राळेगाव,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रभाताई,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. कापूस वेचणीला बाया लवकर जातात, त्यामुळे सकाळी गल्ली सामसूम असते. लेकाकडे उमरखेडला तुझं मन रमलं असेल. धम्मदीपच्या दुकानात तूच बसतेस म्हणे.

अडीच वर्षांनी पत्र लिहिते आहे. फोन केला असता, पण फोनवर माझ्या तोंडून सबबीच निघतात. तुझी शीला उद्या तिकडे माहेरी येते आहे, तिच्याच हाती हे देते.

आधी माझ्या शिवणाच्या दुकानाचं सांगते. माझी सवय तुला माहीत आहे. कोणी कापड घेऊन आलं की नाही म्हणवत नव्हतं. "उद्या नक्की देते," म्हणायचं आणि पिशवी खुंटीला लावायची. दिवसभर मशीन चालवूनही संध्याकाळी दारात तीन बाया तणतणत उभ्या. मी सगळ्यांना सांगायची, मला मरायलाही वेळ नाही.

मागच्या पावसाळ्यात देवीलालभाऊ पँट अल्टर करायला आले. एसटी स्टँडवर गाड्या सोडायचं काम करून निवृत्त झालेला माणूस. माझी चाललेली ओढाताण बघत बसले आणि म्हणाले, "बाई, दिवसाचे ब्लाउज किती होतात तुमचे?" मी म्हटलं, आठ-दहा. ते म्हणाले, "आठ दिवस नुसतं लिहून पाहा. कायी बदलू नका, फक्त लिहा."

लिहिलं. ताई, दिवसाला चार होत होते. बाकीचा वेळ पिशव्या शोधण्यात, फोनवर आणि दारातल्या बायांची समजूत घालण्यात जात होता. चार होत असताना मी रोज दहा जणींना शब्द देत होते. त्या वहीकडे पाहून मला रडू आलं.

आता भिंतीवर फळा आहे. दिवसाला तीनच नावं. चौथी जागा मोकळी. भाऊ म्हणतात, डेपोत एक गाडी राखीव ठेवावीच लागते, बिघाड कधी सांगून येत नाही. सकाळी डोकं ताजं असताना सगळी कटिंग एकदम करते, त्या वेळी फोन कपाटात. दुपारी शिवण. हुक-काजाचं काम बाया बोलायला येतात तेव्हा. पहिल्यांदा एका बाईला "या आठवड्यात नाही जमणार" म्हटलं. ती पिशवी उचलून दुसरीकडे गेली. महिन्याभरानं परत आली. म्हणाली, "तुमची तारीख तरी खरी असते." दिवेलागणीला मी आता मशीन झाकून घरी जाते. स्वयंपाक करताना मन दुकानात नसतं.

हे सगळं लिहीत बसले, कारण जे लिहायचं आहे तिथे हात जात नाही.

परवा शीला आली, लेकीला कडेवर घेऊन. मी पोरीला पहिल्यांदा पाहिलं. झबल्याचं कापड आणलं होतं तिनं. मला तिच्याकडे बघवेना. लग्नात पांढऱ्या साडीवर तिनं तुझा जुना ब्लाउज घातला होता, दोन्ही बगलांत पिना लावून. मीच मांडवात मागे उभी राहून पाहिल्या त्या पिना.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मावशी, त्या दिवशी लाईट गेली नव्हती. आईले तवाच माहीत होतं. तुमच्या बाजूची चक्की चालू होती ना."

"मंग बोलली काहून नाही ती?"

"आई म्हणे, तिले खोटं पाडून मले ब्लाउज थोडीच भेटणार आहे? मैत्रीण मात्र जाईन."

ताई, मी तिथेच स्टुलावर बसले. तुझे तीन फोन आले होते लग्नानंतर. मी उचलले नाहीत. नातीच्या नामकरणाचं बोलावणं आलं, तेव्हाही वेळ नाही असा निरोप पाठवला. वेळ होता. तोंड नव्हतं.

तुला माहीत असलं तरी माझ्या हातानं लिहिते. लाईट गेली नव्हती. शीलाचं कापड मी कापलंच नव्हतं. पंधरा दिवस ते खुंटीला होतं आणि मी तुला रोज उद्या म्हणत होते. लग्नाच्या सकाळी तू दारात आलीस, तेव्हा रात्री लाईट गेली म्हणून ब्लाउज राहिला, असं सुचेल ते सांगून मोकळी झाले. पण मोकळी कुठली? आज हे लिहिताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतं आहे.

बुधवारी दुकान बंद ठेवते आहे. यवतमाळला गाडी बदलून दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेन. रागवायचं असेल तर समोर बसून रागव. मी संध्याकाळपर्यंत ऐकत बसेन, मला कुठेही जायची घाई नाही.

तुझीच,
बबिता