सतरा नंबरचं टोकन

२ जून २०२५, सोमवार

पुण्याहून ग्रुप कॅप्टनसाहेबांचा फोन. मला रिटायर होऊन बावीस वर्षं झाली, साहेबांना त्याहून जास्त, तरी उभा राहून घेतला. महादेवी म्हणाली, "बसा की, त्यांना कुठं दिसतंय?" बसलो, पण पाठ ताठ ठेवून.

नोव्हेंबरात आमच्या स्क्वाड्रनला साठ वर्षं होतायत. इतिहासाचं पुस्तक निघणार, साहेब संपादक. प्रत्येकानं आपापलं एक पान पाठवायचं. "सोमेश्वर, टूल क्रिब तुझ्या ताब्यात होतं. एप्रिल शहाऐंशीचे ते तीन दिवस तुझ्याशिवाय कोण लिहिणार?"

"यस सर," म्हणालो. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

५ जून

व्हॉट्सॲपवर इतिहासाला पूर आलाय. ग्रुपचं नाव 'गगनवीर', वीर दोनशे चौदा. आमचा कूक त्रिंबक लिहितो की एकाहत्तरच्या लढाईत डोक्यावर बॉम्ब पडत असताना त्यानं चारशे पोळ्या लाटल्या. हा गडी भरतीच झाला अठ्ठ्याहत्तरला. खाली एकशे साठ जणांनी हात जोडलेत. त्यात मीपण.

वैमानिकांचं तर विचारूच नये. जो तो एका चाकावर उतरलाय. आजच्या तारखेला एका चाकावर उतरलेली विमानं स्क्वाड्रनच्या एकूण विमानांपेक्षा जास्त झाली.

९ जून

अर्जुनराव पाइपपाना मागायला दुकानात आले. म्हटलं, टोकन अडकवा. "अप्पा, भिंतीला भिंत लागून ऱ्हातो मी. पळून कुठं जानार?" — तरी अडकवा म्हणालो. बडबडत अडकवलं.

माझ्या पोराच्या, विश्वेश्वरच्या, हार्डवेअरच्या दुकानात ही पद्धत माझी. फळीवर प्रत्येक हत्याराची काळी सावली रंगवलेली. हत्यार नेलं की त्या खिळ्याला आपल्या नंबरचं पितळी टोकन अडकवायचं. परत दिलं की टोकन परत. स्क्वाड्रनच्या टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, हेच होतं. संध्याकाळी मोजणी व्हायची, आणि एक जरी सावली उघडी असली तर एकही विमान हलायचं नाही. विमानाच्या पोटात राहिलेला एवढासा पेचकस वैमानिकाला मारू शकतो.

तलवाड्यात मला टोकनअप्पा म्हणतात. बावीस वर्षांत दुकानातनं एक हत्यार गेलं नाही. लोकांना वाटतं मिल्ट्रीची शिस्त. शिस्त कसली डोंबलाची.

१२ जून

पान लिहायला बसलो. तारीख घातली — १८ एप्रिल १९८६. उठलो आणि दुकान झाडलं.

१३ जून

दुकान परत झाडलं. विश्वेश्वर म्हणाला, "अप्पा, तब्येत बरी हाय न्हवं?"

१७ जून

'त्या तीन दिवसां'वरचा साहेबांचा मसुदा ग्रुपवर आला. माझं पान यायच्या आधीच! खरं एवढंच घडलं होतं — चार इंची पेचकस हरवला, अकरा विमानं तीन दिवस जमिनीवर उभी राहिली, पेचकस सापडला नाही. साहेबांच्या मसुद्यात 'संशयास्पद हालचाली' आल्या. दुपारपर्यंत ग्रुपवर पेचकसाचा मोठा पाना झाला. चार वाजता कुणाला तरी तारेच्या कुंपणाजवळ पावलं दिसल्याचं आठवलं. रात्री जेवणापर्यंत शत्रूचा हेर पक्का झाला आणि त्याला दाढी फुटली.

अंगदचं नाव कुणी काढलं नाही. अंगद ग्रुपवर नाही. तो कुणाच्याच यादीत नाही.

२१ जून

पहिल्यांदाच कागदावर घालतोय. कागद आपलाच आहे, बोंबलत सुटणार नाही.

त्या दिवशी शारजाची फायनल होती. क्रिबमध्ये रेडिओला बंदी, म्हणून मी तो चिंध्यांच्या खोक्यात लपवलेला. शेवटची षटकं, आणि सेलची पट्टी सैल — आवाज येतोय, जातोय. तेवढ्यात अंगद खिडकीशी आला. धर्मापुरीचा अंगद, आपल्याच जिल्ह्याचा, सतरा नंबरचा. काम आटोपून त्यानं पेचकस आत दिला. मी घेतला, आणि फळीवर लावायचा सोडून रेडिओच्या पाठीत सेलमागं ठासून बसवला. आवाज खणखणीत. अंगद टोकनासाठी थांबलेला. "थांब बे, शेवटची ओव्हर हाय," म्हणालो. त्याला विमानांच्या लाइनवर परत बोलावलं, तो गेला. मग शेवटच्या चेंडूवर तो षटकार बसला. अख्खा देश रडला, मीपण रडलो. संध्याकाळच्या मोजणीला फळीवर एक सावली उघडी, आणि तिथं सतरा नंबरचं टोकन.

पहिल्या दिवशी मी खरंच विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी आठवलं. तोवर अकरा विमानांची पोटं उघडून ठेवली होती आणि अख्खं स्क्वाड्रन धावपट्टीवर रांगेनं वाकून खडा न् खडा बघत चाललं होतं. त्या रांगेत मीपण वाकून चाललो. काय शोधत होतो देव जाणे.

चौकशीत अंगद म्हणाला, परत दिला. मला विचारलं. मी म्हणालो, "सर, आठवत नाही." जूनमध्ये सार्जंटच्या बढतीची यादी लागायची होती.

यादीत माझं नाव आलं. अंगदची नोकरीची मुदत वाढवली नाही, तो घरी गेला. सतरा नंबर बाद झाला. टोकन मोडीत टाकायला माझ्याकडंच दिलं. ते मी रेडिओत टाकलं, पेचकसाशेजारी. तो रेडिओ आठ बदल्या फिरून आज कपाटावर आहे. महादेवी दर दिवाळीला भंगारात द्या म्हणते, आणि मी दर दिवाळीला तिच्यावर ओरडतो. मी भित्रा माणूस आहे, दुसरं काही नाही.

२९ जून

पुस्तकाची बातमी गावात कशी फुटली कळेना. चौकात फ्लेक्स लागलाय: 'तलवाड्याचे वायुवीर सोमेश्वरअप्पा यांचे हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुक अमरसिंह, भावी जिल्हा परिषद सदस्य. पाच वर्षं झाली, भावीच आहे. त्याचा फोटो पुरुषभर, माझा पोस्टाच्या तिकिटाएवढा. मागं विमान आहे ते प्रवाशांचं, खिडक्यांच्या रांगा असलेलं.

अमरसिंहला म्हटलं, अरे हे लढाऊ नाही. तो म्हणाला, "अप्पा, लोक कुठं एवढं बघत्यात? हेर तुमीच धरलाता म्हनं?"

घरी आलो. जेवण गेलं नाही.

४ जुलै

लिहिलं. दीड पान. रेडिओ, पेचकस, षटकार, 'सर, आठवत नाही' — सगळं. शेवटी लिहिलं, अंगदचं नाव पुस्तकात निर्दोष म्हणून यावं. पुण्याला पाठवलं. लई हलकं वाटलं. दोन भाकरी खाल्ल्या.

७ जुलै

साहेबांचा फोन. उभा राहून घेतला.

"सोमेश्वर, भाषा छान आहे तुझी. पण वाचकाचा विरस होतो रे. तीन दिवस, अकरा विमानं, आणि कारण काय, तर रेडिओ? हेराचं प्रकरण छपाईला गेलंय. त्यावर चित्रसुद्धा काढून घेतलंय."

म्हणालो, सर, ते खरं नाही.

"तू सार्जंट झालास ना त्याच वर्षी? मग सगळं नीटच झालं की."

मी खाली बसलो. साहेब बोलतच होते.

८ जुलै

म्हणजे मी कबूल केलं आणि ते कुणाला नको आहे. असंही असतं तर.

२० जुलै

कपाटावरनं रेडिओ काढला. महादेवीला वाटलं, अखेर भंगारात चाललाय. ती पिशवी घेऊन आली. तिला सगळं सांगितलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होत आली, एवढं सलग मी कधी बोललो नव्हतो.

तिनं पिशवीची घडी घातली आणि म्हणाली, "पुस्तकवाल्या साहेबांना काहून सांगत बसलाव? ज्याचं हाय त्याला सांगा की."

मला हे महिनाभरात सुचलं नव्हतं.

३ ऑगस्ट, रविवार

धर्मापुरी. तीन एसट्या, शेवटी एक काळीपिवळी. हॉटेलात अंगदचं घर विचारलं तर चहावाला म्हणतो, "कोन, हेरवाले आबा?" मला वाटलं ग्रुप इथंवर पोचला. पण नाही, हे इथं चाळीस वर्षांपासून चालू आहे. अंगद आबांनी विमानतळावर हेर धरला, मग शत्रूपासून जीव वाचवायला सरकारनं त्यांना गुपचूप गावी पाठवलं. दर पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याला मान त्यांचा. आबांच्या नातीनं, वैष्णवीनं, या हेरावर भाषण करून तालुक्यात पहिला नंबर काढलाय.

अंगद शेतात होता. त्याच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, बसायला दिलं. सहज बोलत होत्या. "येतीलच आता. कुलूप लावून गेलं की तीनदा माघारी येत्यात, लावलं का न्हाई बघायला. गॅस बंद केला तरी मला इचारत्यात — केला न्हवं म्या? आल्यापासनं असंच हाय." मी चहाचा कप खाली ठेवला.

अंगद आला. केस पांढरे, चाल तीच. मला बघून हसला. "सोम्या! किती म्हातारा झालास बे." मी पिशवीतनं पेचकस आणि टोकन काढून खाटेवर ठेवलं आणि सांगितलं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं.

तो टोकनाकडं बघत राहिला. म्हणाला, "म्या परत दिलता न्हवं?"

"दिला होतास."

"खिडकीतनं?"

"खिडकीतनं. मी हातात घेतला."

"दिलता न्हवं पर म्या, सोम्या?"

"दिला होतास रे."

त्यानं तोंडावरनं हात फिरवला. "मला वाटायचं माझ्याच डोक्यात बिघाड हाय. कुठंतरी ठिवला आन् इसरलो. आजून त्या विमानांच्या पोटात हात घालून हुडकतो मी सपनात."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वहिनींनी दिल्या. "तुमी सार्जंट झालाव. आन् ह्यो मानूस सोताच्या घरात सोतावर इस्वास न ठिवता म्हातारा झाला." माझ्यापुढचा कप उचलून घेऊन गेल्या. बरोबर केलं त्यांनी. मला लाज वाटत होती, दुसरं काही वाटत नव्हतं.

निघताना विचारलं, गावात सांगू का खरं काय ते? अंगद म्हणाला, "नगं. हेराचं चाललंय ते चालू दे. पोरीचा पयला नंबर हाय त्याच्यावर." पेचकस त्यानं माझ्या पिशवीत परत टाकला. "ह्यो तुमच्या फळीवरचा. टोकन ऱ्हाऊ दे, ते माझं हाय."

काळीपिवळीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, पंधरा ऑगस्टला ये.

६ ऑगस्ट

पेचकस दुकानातल्या फळीवर लावला. त्याला सावली रंगवली. विश्वेश्वर म्हणाला, "अप्पा, ह्यो विकायचा का?" म्हटलं, हात लावशील तर बघ.

१२ ऑगस्ट

ग्रुपवर पुस्तकाचं मुखपृष्ठ आलं. हेराला दाढी आहे. दोनशे जणांनी हात जोडले. मी जोडले नाहीत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

धर्मापुरीची शाळा. मी प्रमुख पाहुणा, शेजारी अंगद. त्याच्या सदऱ्यावर सेफ्टी पिननं टोकन लावलेलं, चिंचेनं घासून पिवळंधमक. वैष्णवीनं तेच भाषण केलं: अंधार, कुंपण, आजोबांची झेप. टाळ्या झाल्या. मग माईक अंगदकडं दिला.

"पोरांनो, हेर-बीर कोन न्हवता. आजवर माझं मलाच खरं ठाव न्हवतं, म्हून हेराचं चालू दिलं; आता ठाव हाय. मी येक पेचकस घेतलता, त्यो परत दिलता. माझं टोकन मला मिळालं न्हाई, म्हून घरी आलो. एवढीच गोष्ट हाय. खोटी वाटत आसंल तर ह्यांला इचारा."

सगळी शाळा माझ्याकडं बघायला लागली. मी उठून उभा राहिलो, चौकशीत उभा होतो तसाच.

"दिला होता," म्हणालो. "मला आठवतंय."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मी खाली बसायला लागलो, तेव्हा अंगदनं माझी खुर्ची जवळ ओढून धरली.