मावशीच्या एका मिनिटाच्या व्याख्या

फोन्तेला,
१४ नोव्हेंबर

चि. ग्रासास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बेटावरचं चीज पोचलं. पार्सल उघडलं आणि स्वयंपाकघरभर तुमच्या गोठ्यांचा वास सुटला. तुझ्या लेकीने पावाबरोबर निम्मं तिथेच उभ्याउभ्या संपवलं, वर मलाच म्हणाली की मावशी, तुला दातांना कठीण जाईल म्हणून मी मदत केली.

संत मार्टिनच्या दिवशी चर्चच्या अंगणात चेस्टनट भाजली. आपल्या लहानपणी शेकोटीभोवती पोरांचा कालवा असायचा, आता आम्ही सगळ्या म्हाताऱ्या आणि तरण्यांत एकटी तुझी माफाल्दा. तरी रिवाज म्हणून तिच्या तोंडाला राख फासलीच. सप्टेंबरात इथे आल्यापासून ती पहिल्यांदा मोकळी हसली.

हे मुद्दाम लिहिते, कारण तुला ती फोनवर खरं सांगत नाही. सरकारने यंदा शिक्षिका म्हणून तिची नेमणूक नेमकी माझ्या दारात केली याचा आपल्याला किती आनंद झाला होता! पण खालच्या गावातल्या त्या मोठ्या शाळेत सहावीचा वर्ग तिचं अजिबात ऐकत नाही. ती फळ्याकडे वळली की मागे बाजार भरतो. संध्याकाळी घरी येते, दारातच बसते, बूट काढता काढता रडते. तू लिहिलेलं बोटीच्या तिकीट कचेरीतल्या नोकरीचं पत्र तिने उशीखाली ठेवलंय. पण ग्रासा, ही पोर सुट्टीत माझ्याकडे यायची तेव्हा माझ्या इथल्या शाळेच्या मागच्या बाकावर बसून माझ्याहून मोठ्या आवाजात हजेरी घ्यायची. ती शाळा बंद झाली, त्या वर्गात आता शिकाऱ्यांचं मंडळ बसतं. भिंतीवर नकाशा होता तिथे रानडुकराचं मुंडकं आहे.

आता गंमत ऐक. तिथल्या मुख्याध्यापिका दोना ओदेत यांनी तिच्यावर एक काम टाकलंय. सगळ्या विषयांच्या व्याख्या एकेका मिनिटाच्या व्हिडिओत बसवायच्या. पोरांची डोकी फोनमध्येच असतात, तर व्याख्याही तिथेच नेऊन ठेवू, असं बाईंचं म्हणणं. माफाल्दाने आधी स्वतःच्या आवाजात करून पाहिलं. ऐकताना मला वाटलं, स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतायत. तसं बोलले तर रागावली, आणि मग म्हणाली, एवढं कळतं तर तूच बोल.

बोलले! निळा ब्लाउज घालून, चुलीपुढे उभी राहून. बेट, त्रिकोण, बाष्पीभवन, प्रजासत्ताक. मागे धुरावर टांगलेले सॉसेज दिसतात म्हणून ती कुरकुरत होती. मी सांगितलं, ते नाताळापर्यंत हलणार नाहीत, पाहिजे तर प्रजासत्ताक हलव.

तब्येतीला जप. लोभ आहे म्हणूनच एवढं सविस्तर लिहिलं, हे लक्षात असू दे.

तुझी ताई,
देओलिंडा

*

साओ जॉर्ज,
२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
ग्रासाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तू आणि व्हिडिओत! माझ्या लग्नाच्या एकूण एक फोटोत डोळे मिटून उभी असलेली तू! शेजारच्या झुल्मिराला सांगितलं तर ती विचारते की तुझ्या बहिणीची सही आता मिळेल का.

त्या व्याख्यांनी मला थेट ब्रागान्साला सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत नेऊन सोडलं. ती गारठलेली लांब खोली, थंडीने सुजलेली आपली लाल बोटं, आणि एका सुरात घोकणाऱ्या आपण पोरी. समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, पण बेटाची व्याख्या झोपेतही म्हणायचो. मी तर बेट म्हणजे सूपच्या थाळीत मधोमध उरलेला पावाचा तुकडा असंच धरून चालले होते. लग्न होऊन इथे आले, बोटीतून मान वर करून हा उंच काळा कडा पाहिला, तेव्हा एवारिस्तोला म्हणाले होते की सिस्टर इनासियांनी मला फसवलं. तो किती हसला होता! अजूनही कधी धक्क्यावर गेले की ते हसणं ऐकू येतं.

तो गेल्यापासून घर फार मोठं झालंय, ताई. म्हणून स्पष्टच लिहिते. तिकीट कचेरीतले फिर्मिनो ती जागा नाताळपर्यंत माझ्या शब्दाखातर राखून ठेवणार आहेत. पगार बेताचा, पण कायमचा. शिक्षकांचं काय, यंदा तुझ्याकडे, पुढच्या वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, पेटी उचलून दारोदार. रडून घरी येणाऱ्या मुलीला आईने घरी बोलावलं तर त्यात काय चुकलं? आणि रोज तिचं तोंड दिसावं यात माझा स्वार्थ असेल तर असू दे. तू तिला चढवू नकोस. लहानपणापासून तुझं ऐकते ती, माझं नाही.

झुल्मिराने नमस्कार सांगितलाय. रागाने लिहिलं तरी माया कमी झालेली नाही, तूही होऊ देऊ नकोस.

तुझी,
ग्रासा

*

फोन्तेला,
६ डिसेंबर

चि. ग्रासास,
अनेक आशीर्वाद.

तू चढवू नकोस म्हणालीस, मी चढवलं नाही. मी तर तिला सपशेल तोंडावर पाडलं. कसं ते वाच.

सिस्टर इनासिया व्याख्या कशी म्हणून घ्यायच्या, आठवतं ना? त्या शेवटचा शब्द कधीच उच्चारत नसत. बोट वर करायचं, थांबायचं, आणि तो शब्द आपण पोरींनी म्हणायचा. मीही सगळी नोकरी तशीच केली, इतकी की आपण थांबतो हे मलाच माहीत नाही. चुलीपुढे उभी राहिले तेव्हाही तेच. बेट म्हणजे जमिनीचा असा तुकडा, ज्याच्या चारही बाजूंना असतं... आणि बोट वर. फोन धरून उभी असलेली माफाल्दा आपसूक म्हणायची, पाणी! मी म्हणायचे, शाब्बास. दोघींपैकी एकीलाही काही वावगं वाटलं नाही.

नंतर तिने व्हिडिओतून स्वतःचा आवाज पुसून टाकला. बाहेरचे आवाज काढायची काहीतरी सोय असते म्हणे. कोंबड्या गेल्या, चर्चची घंटा गेली आणि प्रत्येक व्याख्येचा शेवटचा शब्दही गेला. पुन्हा ऐकून बघ म्हटलं तर म्हणाली, मावशी, हे सगळं मला तोंडपाठ आहे.

मंगळवारी वर्गात लावलं. शेवटच्या बाकावर दोना ओदेत वही घेऊन बसलेल्या. पडद्यावर मी, माझे सॉसेज, आणि वर केलेलं बोट. पुढे काहीच नाही. शांतता. आणि मग मी त्या शांततेलाच शाब्बास म्हणते. माफाल्दा सांगत होती की त्या क्षणी तिला बोटीची तिकिटं फाडणं हे जगातलं सर्वांत सुंदर काम वाटलं.

तेवढ्यात मागून एक मुलगी ओरडली, पर्यटक! बेटाच्या चारही बाजूंना पर्यटक असतात, तिचा मामा तसंच सांगतो. दुसरा म्हणाला, गाढवा, पाणी. तिसऱ्याने विचारलं, मग आमच्या तळ्यातला खडक बेट का नाही? प्रजासत्ताकात सत्ता कुणाची, यावर एकाने दोना ओदेत यांचंच नाव घेतलं. वर्ग गारठला. बाईंनी वहीतून मान न उचलता म्हटलं, ते सोमवार ते शुक्रवार, पुढचं बोला. आणि आपली माफाल्दा, फळ्याकडे वळलेली पोर, हातातला खडू ठेवून त्यांच्यात जाऊन उभी राहिली. तळ्यातल्या खडकावरून तिने पुरा तास भांडण लावून दिलं. घंटा झाली तरी कुणी उठेना.

दोना ओदेत यांनी जाताना विचारलं की शेवटचा शब्द गाळायची युक्ती कुणाची. ही खरं सांगायला गेली, तर बाई म्हणाल्या, खरं राहू दे, उरलेल्या व्याख्याही अशाच करा.

ग्रासा, संध्याकाळी ती दारात बसलीच नाही. बूट घालूनच आत आली, माझ्या गळ्यात पडली. नंतर रात्रीच्या सूपमध्ये पाव कुस्करत बसली. मग म्हणाली की तिला इथेच राहायचंय, पुढच्या वर्षी पाठवतील तिथे जायचंय, पण आईला हे कोणत्या तोंडाने सांगू. तू फोन उचललास की तिला त्या रिकाम्या घरातलं घड्याळ ऐकू येतं. म्हणून मी लिहिते आहे. व्हिडिओ झुल्मिराच्या फोनवर पाठवलाय. बघ, आणि मग मला काय बोलायचं ते बोल, तिला नको.

रुसलीस तरी दोन ओळी पाठव. ममता होती तेवढी राहू दे.

तुझी ताई

*

साओ जॉर्ज,
१५ डिसेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी ते चुलीत घालणार होते. मग कोट चढवून झुल्मिराकडे गेले, व्हिडिओ बघून भांडायला मुद्दे गोळा करावेत म्हणून.

ताई, तुझे केस इतके पांढरे झालेत हे तू मला एकदाही लिहिलं नाहीस. आवाज मात्र तोच. शाळेच्या ओट्यावर माझ्या वेण्या घालताना पाढे म्हणून घ्यायचीस, तो. बेट काय नि त्रिकोण काय, मला काही समजलं नाही. झुल्मिराने विचारलं, पुन्हा लावू का, तर मानेनेच हो म्हटलं. आम्ही दोघींनी सगळं परत पाहिलं. भांडायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी फिर्मिनोकडे जाऊन सांगितलं, माझी मुलगी येणार नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी विचारलं, ती करते काय? मी सांगितलं, शिक्षिका आहे. एरवी मी म्हणायचे की तिचं अजून काही पक्कं नाही.

तिला फोन मीच करीन. तिला सांगू नकोस, पण फोन करण्याआधी घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवणार आहे.

आज माझं शिवणयंत्र तिच्या खोलीत हलवलं. त्या खिडकीतून सकाळी छान उजेड येतो, ती शिकायला बाहेर पडली तेव्हापासून ती खोली परत येईल म्हणून बंद ठेवली होती. पडदे धुतले. पलंग तिथेच आहे, सुट्टीत पाहुणी आली की यंत्र भिंतीला सरकवीन. पहिलं काम म्हणून तिच्यासाठी जाड लोकरीचा झगा बेतलाय, तुमच्या डोंगरातली थंडी मला ठाऊक आहे. बाह्यांचं माप माझ्याकडचं जुनं आहे. ती आता केवढी झाली असेल कोण जाणे. तेवढं माप घेऊन उलट टपाली कळव.

दोघींवर माझा जीव आहे, तो असाच जपून वापरा.

तुझी धाकटी,
ग्रासा