तिसऱ्या गाण्यातला खोकला

११ जानेवारी, रविवार

तिसरा अल्बम कोणत्या दिशेने न्यावा, हे ‘दुपारपाळी’ने श्रोत्यांनाच विचारले आहे! सोनम आणि महांतेश, बेळगावची ही जोडी. दोनच अल्बम, पण महाराष्ट्राच्या आत-बाहेर गावोगावी त्यांची श्रोतेमंडळे आहेत. निवेदन असे — “आमचं दोघांचं एकमत होत नाही. प्रत्येकानं आपापलं पत्र लिहावं.”

त्यावर आज बसवनगुडीत नरसिंहरावांच्या घरी आमचे बेंगळुरूचे मंडळ जमले. अकरा माणसे आणि अकरा मते, त्यांतली नऊ विचार न करता बनवलेली. पहिला अल्बम सोनमच्या स्वयंपाकघरात पेटीवर झाला, दुसरा स्टुडिओत यंत्रांवर. शंतनूला दुसराच हवा, आणखी दणदणीत. मी विचारले, शब्द कुठे ऐकू येणार? तर म्हणतो, “काहून मॅम, नाचताना शब्द कोण ऐकते?” नागपूरहून येऊन दोन वर्षे झाली, कानात अजून लग्नाची वरातच.

माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या अल्बमची शुद्धता हवी, त्याचे दोष नकोत. सर्वांत मोठा दोष तिसऱ्या गाण्यातला, दोन मिनिटे अकरा सेकंदांवर. महांतेश खोकतो! आणि आमच्या मंडळाची रीत अशी की तिथे सगळे एकदम खोकतात आणि मग हसतात. सहा वर्षे मी या रीतीत सामील झालेले नाही.

पत्रे गोळा करून पाठवण्याचे काम मी अंगावर घेतले. दुसऱ्या कुणाच्या हाती देणे शक्यच नव्हते.

१४ जानेवारी, बुधवार

सहा पत्रे आली. वाचवत नाहीत. मूळ निपाणीच्या कल्पनाने बँकेच्या पावतीच्या पाठीमागे चार ओळी खरडल्या आहेत. शंतनूच्या पत्रात चित्रेच अधिक. ही मंडळाची प्रतिष्ठा?

मूळ पत्रे फाईलमध्ये लावली. प्रत्येकाची स्वच्छ प्रत मी करत आहे — आशय त्यांचा, रचना माझी.

१५ जानेवारी

ऑफिसात लक्ष नाही. “आशय त्यांचा” हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवते. का आठवावे?

१७ जानेवारी, शनिवार

नरसिंहरावांचे पत्र आणायला गेले. त्यांच्या चार पिढ्या बेंगळुरात गेल्या. मराठी घरापुरती उरली आहे, तीही अर्धी कन्नड. “बसा हो अक्का, स्वल्प कॉफी घ्या.” नको म्हटले. “सरी, बरं, मग उभ्यानंच घ्या!” घ्यावी लागली.

पत्र येथे उतरवून ठेवते.

“सोनमअक्का, महांतेशअण्णा, नमस्कार. कुठल्या दिशेनं जायचं ते तुम्ही बघा. मला त्यातलं स्वल्पच कळतं. तिसऱ्या गाण्यात एक खोकला येतो. आमचे लोक तिथं खोकतात. मी एकटा ऐकताना पण खोकतो. घरात आणखी कोणतरी आहे असं वाटतं. तेवढं ठेवा.”

यात दिशा नाही, मुद्दा नाही! उलट आमच्या मागणीची धार बोथट होते. माझ्या प्रतीत असे झाले — “पहिल्या अल्बममधील घरगुती ध्वनिपरिसराची आत्मीयता जपली जावी, असे मला वाटते.” खोकला गाळला. क्रमांक सात दिला.

१८ जानेवारी, रविवार

आज तिसऱ्या गाण्यातून तो खोकला काढला. ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट मिळवल्याचा काही उपयोग असायला हवा. पाच तास लागले. खोकल्याचा आवाज विचित्र — गाणाऱ्याच्या मागून येतो, पोकळ. खोलीचा दोष असणार. त्या स्वयंपाकघरात फरशीचा प्रतिध्वनी फार आहे.

आता गाणे निर्दोष आहे. अकरा स्वच्छ प्रती आणि ही फाईल — दुपारी चार वाजता पाठवली. काय हवे आहे ते त्यांना कानांनीच कळू दे.

२० जानेवारी

उत्तर नाही. दिवसातून वीसदा फोन पाहते. लाज वाटते.

२४ जानेवारी, शनिवार

उत्तर आले, महांतेशचे. मंडळाच्या गटावर, सर्वांदेखत. “बेंगळुरूची अकरा पत्रं मिळाली. अकराही एकाच माणसानं लिहिलेली दिसतात. आम्ही ती एकच धरतो आहोत. राग नसावा.”

लगेच कल्पनाचा फोन. “अगं बाई, माझं पत्र वाचून मलाच कळंना मी काय म्हटलंय ते! ‘ध्वनिसौष्ठव’? माझ्या तोंडात हा शब्द कधी ऐकलास तू?”

मी म्हणाले, आशय तुझाच होता.

“आशय बिशय राहू दे. माझी पावती कुठाय?”

गटावर शंतनूने एवढेच लिहिले — “मॅम, माझी चित्रं पण काढली?”

नरसिंहरावांचे मूळ पत्र काढून पुन्हा वाचले.

मी वाईट हेतूने केले का? नाही. चांगले केले का? तेही नाही. मंडळ सोडण्याचे पत्र लिहिले, तीन वेळा सुधारले. मग फाडले.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी सगळी मूळ पत्रे स्कॅन करून पाठवली — पावती, चित्रे, शाईचे डाग, सर्व. सोबत एक ओळ — “चूक माझी. मंडळाची नव्हे.” दुसरी ओळ सुचली नाही.

मग बसवनगुडी. दारात उभी राहून जे घडले ते सांगितले. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोडके बोलणे. नरसिंहराव ऐकत राहिले. “म्हणजे माझा खोकला तुम्ही काढला?”

पत्रातून काढला. गाण्यातूनही.

“गाण्यातून पण! अय्यो, केवढं शिकल्या तुम्ही!” आणि हसू लागले. मला हसता येईना. मग म्हणाले, “सरी. आता आत या. गाण्यांची प्लेट लावू.”

तिसरे गाणे लागले. दोन मिनिटे अकरा सेकंद. ते खोकले. एकटेच. मग माझ्याकडे पाहत राहिले.

मी खोकले नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

गटावर सोनमचा निरोप, पत्र क्रमांक सातच्या उत्तरादाखल —

“नरसिंहरावकाका, तो खोकला महांतेशचा नाही. माझे बाबा मागं भाजी निवडत बसले होते. दिवाळीत गेले. पहिल्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत खोकला काढू या, असं महांतेश म्हणाला, तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो. तुमचं पत्र त्यानंच मला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिसरा अल्बम स्वयंपाकघरातच करतोय. त्या ताईंची साफ केलेली फाईल मात्र मी उघडली नाही. उघडणार नाही.”

माइकपासून तीन मीटर मागे, बसलेला, म्हातारा माणूस. मला ऐकू यायला हवे होते.