पाचाची रेष

१० फेब्रुवारी, सोमवार

मुंगीला ताप. एकशे दोन. लेक आठ महिन्यांची झाली, ताप पहिल्यांदाच. फ्रॉकवरून हात ठेवला तरी चटका बसतो.

डॉक्टर म्हणाले, व्हायरल असावा. घसा बघितला, छाती तपासली, वजन केलं — आठ किलो. "तापाचं सिरप पाच मिली. ताप असेल तरच. सहा तासांच्या आत परत नाही. आणि घरातला चमचा वापरू नका, सिरिंज घ्या."

सिरिंज घेतली. आधी लॅबवर नेली. दिवसभर लोकांची मोजायची उपकरणं तपासते, मग स्वतःच्या मुलीचं माप न तपासता कसं वापरू? पाणी ओढून काट्यावर तोललं. बरोबर आहे. पाचावर लाल मार्करने रेष मारली. आमचे साहेब म्हणतात, माणसाला आकडा वाचायला लावला की माणूस चुकतो, त्याला रेष द्या. लॅबमध्ये सगळीकडे रेषाच आहेत.

दुपारची आणि संध्याकाळची पाळी सासूबाईंची, सकाळची आणि झोपतानाची माझी. त्यांना दाखवलं — आई, बाटलीवरचं काही वाचत बसू नका, लाल रेषेपर्यंत ओढायचं, गालाच्या आत हळूहळू सोडायचं.

"चाळीस वर्षं टेप न लावता बाह्या बेतल्या मी. मला रेष शिकवतेस?" मग हसल्या. "बरं बाई, रेष तर रेष."

११ फेब्रुवारी, मंगळवार

लॅबमधून तीनदा फोन केला. "दिलं ना?" — "दिलं." — "रेषेपर्यंत?" — "हो गं, रेषेपर्यंत! फोन ठेव, ती जागी होईल."

तरी घरी आले तेव्हा एकशे एकच्या वर. रात्री मी दिलं आणि तासाभरात उतरला. सासूबाई म्हणतात, "आईच्या हाताला गुण असतो." मला असल्या गोष्टी पटत नाहीत. पण बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजही तेच. दिवसभर चढलेला, मी दिलं की उतरतो. दूध अर्धवट टाकते. डोळे लाल. नेहमी हाताला येईल ते तोंडात घालणारी पोर आज नुसती छातीला चिकटून होती.

तापात झटके येतात असं कुठेतरी वाचलं. वाचायला नको होतं. कपडे बदलताना तिचा पाय जरा हलला तरी माझा जीव खालीवर होतो.

बाटली संपली. नवऱ्याला येताना आणायला सांगितली. आणली. तोच रंग, तेच नाव, तोच वास. जुनी केरात गेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उतरतोय! सकाळी मी दिलं, अकरालाच नव्व्याण्णव. सासूबाईंनी दुपारी दिलं त्यानंतरही उतरला — दिवसा पहिल्यांदाच. पाच-सहा तासांनी चढतो, पण आधीसारखा नाही. नवरा म्हणतो, "बघ, माझी बाटली लकी आहे." सासूबाई म्हणाल्या, "बाटली कसली लकी, माझी पोर चिवट आहे."

आज पहिल्यांदा नीट जेवले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटल.

संध्याकाळी पाचला घरी आले तर मुंगी दुसऱ्यांदा ओकली होती. सुस्त. बोट दिलं तर धरलं, पण सैल. औषध खराब झालं असेल का, म्हणून तारीख बघायला बाटली खिडकीत नेली. तारीख ठीक होती. तारखेच्या वर आकडा — पाच मिलीत दोनशे पन्नास मिलिग्रॅम. आधीच्या बाटलीवर एकशे वीस होते. मला आठवतं. मला आकडे आठवतात.

दुप्पट! कालपासून प्रत्येक वेळी दुप्पट!

माप अचूक होतं. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. अचूक दुप्पट.

रिक्षात नवऱ्याला विचारलं, बाटली घेताना काय सांगितलंस? "काय सांगणार? म्हटलं, लहान मुलाचं तापाचं द्या, दोन दिवस ताप हटत नाहीये, जरा स्ट्राँग असेल तर बघा." मेडिकलवाल्याने बाळ केवढं आहे ते विचारलं नाही. याने सांगितलं नाही. आणि रेष मारून ठेवल्यावर मी लेबलकडे बघितलं नाही. त्याच बाटलीतून दोन दिवस सकाळ-रात्र मीही ओढत होते — रेषेपर्यंत, उजेडात धरून, बुडबुडा काढून.

ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुण आहेत, माझ्याच वयाच्या. किती, किती वाजता, कोणी दिलं, सगळं विचारलं. "हे औषध मापात घेतलं तर चांगलं. जास्त झालं तर लिव्हरवर जातं. आणि लगेच दिसत नाही." एवढ्याशा हातात सुई. तीन जणांनी तिला धरलं होतं. त्यातली एक मी.

मग डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलं, तुम्ही किती देत होता? त्या ताठ बसल्या होत्या. "रेषेपर्यंत. सुनेने सांगितलं तेवढंच."

नवरा त्यांच्यावर ओरडला. कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर. "आई, निदान वाचायचं तरी!"

"मी काय वाचू? हिनेच सांगितलं, वाचू नका, रेष बघा."

खरं होतं. तो माझ्याकडे वळला नाही. दिवसा बाळ आजीकडे असतं, औषध आजी देते, एवढंच त्याच्या डोक्यात. मी मध्ये बोलू शकले असते. बोलले नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे थोडे वाढलेले. डॉक्टर म्हणतात, व्हायरलमुळेही वाढतात. उद्या परत रक्त. त्यावर ठरेल. सलाइनमधून औषध चालू केलंय, "खबरदारी म्हणून."

मी आकड्यांबरोबरच जगते. लॅबमध्ये काटा चुकला की तो दुरुस्त होतो, नाहीतर बाद होतो. इथे काय होतं ते विचारायची हिंमत झाली नाही.

नर्सबाईंनी बाटली हातात घेऊन बघितली. "ताई, रोज येतात अशा केसेस. बाटली बदलली की पहिल्यापासून सगळं वाचायचं. ताकद किती, वजनाला किती. सर्दीचं औषध तर नाही ना दिलं सोबत? त्यातही हेच असतं. आणि सर्दी-खोकल्याचं या वयाला द्यायचंच नसतं." नाही दिलं. निदान ते नाही दिलं!

मुंगीच्या डोळ्यांचा पांढरा भाग दर थोड्या वेळाने बघते. पिवळा दिसतो. ट्यूबलाइटखाली सगळंच पिवळं दिसतं. भिंतसुद्धा. खिडकीशी नेऊन परत बघते.

सासूबाई बाहेरच्या बाकावरून हलत नाहीत. नवरा त्यांच्याशी बोलत नाही. मी चहा नेऊन दिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

रक्त सकाळी नेलं. अजून काही कळलं नाही. काही सुचत नाही. लिहीत बसवत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आकडे खाली! डॉक्टर म्हणाल्या, "लिव्हर ठीक आहे. तुम्ही सांगितलेल्या डोसच्या मानाने फारच कमी परिणाम दिसतोय. नशीबवान आहात." मी नशीब म्हणत नाही, पण आज म्हटलं. दोनदा म्हटलं.

ताप गेला. मुंगीने नर्सबाईंचा चष्मा ओढला आणि तोंडात घातला. नर्सबाई म्हणाल्या, "न्या हिला घरी, माझा नंबर वाढेल."

घरी आल्यावर नवऱ्याने फर्मान काढलं — यापुढे आईने औषधाला हात लावायचा नाही. ती आंघोळ घालेल, खेळवेल, बस्स. सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या. त्यांचं असं एका शब्दाचं उत्तर मी या घरात आल्यापासून ऐकलेलं नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवते. बोट त्यांच्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सिरिंज टाकून दिली. नवी आणली. रेष मारलेली नाही. आकडे वाचायचे, लेबल वाचायचं. दरवेळी, ज्याच्या हातात बाटली त्याने, मोठ्याने.

मुंगी दोन वाट्या जेवली. तरी झोपेत तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघितला. ती वैतागली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, दार लोटून घेतलं. "एक सांगते. मी नाही गं तिला जास्त दिलं. रेषेपर्यंत कधीच नाही दिलं मी. पहिल्या बाटलीपासूनच. एवढ्याशा जिवाला एवढं पाजवेना मला. निम्मं द्यायचे, निम्मं सिंकमध्ये. बाटली भरलेली दिसली असती तर तू रागावली असतीस."

मी विचारलं, डॉक्टरांना का नाही सांगितलं?

"तू समोर उभी होतीस."

म्हणून आधी दिवसा ताप उतरत नव्हता. पण नव्या बाटलीतलं निम्मं म्हणजे बरोबर जुन्या बाटलीतल्या पाच मिलीची ताकद. त्यांनी दिलं ते सगळं बरोबर. दुप्पट गेलं ते फक्त सकाळी आणि झोपताना. फक्त माझ्या हातून.

त्यांच्या हे लक्षात आलेलं नाही. नवऱ्याच्याही येणार नाही. तो आता येईलच. आल्या आल्या सांगायचं. पाणी देण्याच्याही आधी.