प्रमोशनचे पेढे

त्र्यंबकेश्वर, १२ जानेवारी २०२५

चि. नवनाथ यास आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नको. फोनवर मला ऐकू येत नाही आणि रोहिणीसमोर ओरडून बोलण्यासारखं हे नाही.

तू सुपरवायझर झाल्याचे पेढे गल्लीभर वाटले. तुझ्या साहेबांनाही कंपनीत नेऊन दिले, फार गोड माणूस. प्रमोशन म्हणजे नक्की काय, ते शेजारच्या प्रतिभाबाई मास्तरणींना विचारलं. त्या म्हणाल्या, शब्द मूळचा लॅटिन भाषेतला, अर्थ पुढे हलवणे. मी विचारलं, हलवणारा कोण? त्या म्हणाल्या, आबा, ते शब्दात नसतं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

कारण तू पुढे गेलास आणि आठ दिवसांत तुझ्याच सहीनं सोमा घरी बसला. सख्ख्या बहिणीचा नवरा! रोहिणीनं तुझा फोटो भिंतीवरून काढून पलंगाखाली टाकलाय. साहेबांच्या पाया पड, पण त्याला परत घे.

तुझा आबा


सातपूर, नाशिक, १८ जानेवारी

ती. आबांस नमस्कार.

शब्दाचा अर्थ कळला. हलवणारा कोण, ते आता माझ्याकडून ऐका.

सोमाच्या कमरेची गादी सरकलेली मी वर्षभर लपवली. सुपरवायझर झाल्याझाल्या त्याला बसून करायच्या पॅकिंगला ठेवलं. मग तुम्ही मला न विचारता, टोपी घालून, पेढे घेऊन केबिनमध्ये गेलात. आमच्या जावयाची कंबर गेली आहे, त्यालाही हलकं काम देऊन जरा पुढे न्या, असं हात जोडून म्हणालात. साहेबांनी पेढा खाल्ला आणि तुम्ही जिना उतरायच्या आत माझ्याकडून कमी करायच्या यादीत त्याचं नाव लिहून घेतलं. नाही म्हटलं असतं तर माझंही नाव खाली आलं असतं.

हे रोहिणीला सांगा. जमत नसेल तर रविवारी येऊन मीच सांगतो.

नवनाथ


त्र्यंबकेश्वर, २२ जानेवारी

चि. नवनाथ यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. रविवारी येऊ नको, तुझ्या पाया पडतो. मी लेकीच्या दारात राहतो, तिच्या हातची भाकरी खातो. हे कळल्यावर ती मला ताटावर बसू देईल का? तुला पगार आहे, घर आहे. तिच्या शिव्यांनी तुझं काय बिघडतं? काल ती म्हणाली, मला भाऊ नाहीच. मी म्हटलं, असंच समज बाई.

माझ्यावरची माया कमी करू नको. गप्प राहशील एवढंच कळव. पोस्टकार्ड नको, बंद पाकीट, प्रतिभाबाईंच्या पत्त्यावर. रविवारच्या आत पाठव रे.

तुझा आबा