बिबा उतला तेव्हा

आई, तुला जाऊन पंधरा वर्षं झाली. काल लेकीला खोकला झाला म्हणून तिच्या छातीला तेल चोळत होते आणि मधेच माझा हात थबकला. अंगावर काही उमटत तर नाही ना, हे बघायची सवय मला त्या बिब्यापासून लागली.

मी आठ वर्षांची होते. पोट दुखतंय म्हणून रडत होते, तर बाळकुमच्या घरी तू सुईला टोचलेला बिबा गॅसवर तापवलास आणि माझ्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना त्याच्या तेलाचे ठिपके दिलेस. पण मला बिबा उतला. फोड आले, खाज सुटली. शाळेत मी फ्रॉक वर करून खाजवत बसले आणि बाईंनी पाहिलं. "कुणी केलं गं हे?" मी म्हटलं, "आईने." त्या संध्याकाळी मी घरी नव्हते, कल्याणजवळच्या बालगृहात होते.

अकरा दिवस. तिथे कुणी मारलं नाही, वरणभात गरम मिळायचा. पण रोज एक मॅडम विचारायच्या, "आई अजून काय काय करते?" आणि मी आठवून आठवून सांगायचे, कारण सांगितलं की त्या मला जवळ घ्यायच्या. मग बालकल्याण समितीपुढे तुला बोलावतात. दारातून मला दिसतं, चारचौघांत पदर ढळू न देणारी तू पदर बाजूला करून स्वतःच्या पोटावरचे जुने काळे डाग दाखवतेस. "मना पन माझे आयशीनं दिलेलं. ती काय माझी वैरीन व्हती?" मग एक जण लिहू लागतो.

लेखी हमी घेऊन त्यांनी मला परत दिलं. मॅडम वर्षभर घरी यायच्या, माझं पोट बघायच्या. त्यांच्यावर माझा राग नाही, ते फोड पाहून मीही हेच केलं असतं. शेजारणींचा मात्र अजून संताप येतो. तू ओट्यावर आलीस की त्या आपली पोरं उचलून आत न्यायच्या. आणि तू वेणी घालताना मला "ओढतंय का?" विचारायचीस, परक्याच्या पोरीला विचारावं तसं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. त्याच वर्षी एकदा मी रागाने दप्तर भिरकावलं, तू हात उगारलास आणि मी म्हणाले, "मार ना, मॅडमला सांगते." तुझा हात खाली आला. तो पुन्हा माझ्याकडे आला नाही, मारायलाही नाही आणि कुरवाळायलाही नाही. तू आत जाऊन भाकऱ्या थापू लागलीस. आणि मला, आई, तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.