सालासकट कोरफड

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळची सावनेर गाडी, कंडक्टरची ड्युटी. पोट दगड. तीन दिवस झाले. या आयबीएसचं, आतड्यांच्या जुन्या दुखण्याचं, असंच, कधी कुलूप, कधी नळ सुटलेला. मंदाने आजपासून कोरफडीचा रस सुरू केलाय. गॅलरीतल्या कुंडीतलं पान तोडायचं, धुवायचं आणि सालासकट मिक्सरमध्ये. "सालातच तर ताकद असते," म्हणे. मोबाईलवर कोणी बाई सांगते. कडू जहर. बायकोने प्रेमाने दिलेलं, काय बोलणार? गिळलं.

१४ नोव्हें., शुक्र.
मोकळं! मं. खूश, मी तिच्याहून खूश.

२० नोव्हें., गुरु.
नळ सुटला. पाटणसावंगीच्या आधी पेट्रोल पंपावर गाडी थांबवावी लागली. चाळीस माणसं खिडक्यांतून बघतायत आणि मी, त्यांचा कंडक्टर, तिकिटाचं मशीन सांभाळत धावतोय. आमचा ड्रायव्हर गजूभाऊ म्हणाला, "आरामात ये गा. टायर पाहून राहिलो म्हनून सांगतो लोकायले." देवमाणूस.
घरी सांगितलं तर मं. म्हणते, "आतली घाण निघून राहिली." उद्यापासून दोन पानं.

२३ नोव्हें., रवि.
काल-आज उमरेडला, ताईकडे. रस नाही. पोट एकदम शांत. ताईच्या ज्वारीच्या भाकरीचा गुण.

२८ नोव्हें., शुक्र.
तीनदा थांबवली. एकदा तर एक म्हातारे बाबा ओरडले, "मास्तर, पोचवता का नाही आज?" लाज वाटली. पिंडऱ्या ओढतात, गाडीच्या पायऱ्या चढताना पायांत जीव नसतो. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. काहीतरी मोठं निघालं तर?
आगारात टेबलाचं काम मागायचा अर्ज लिहिला. बावीस वर्षं गाडीवर काढली. खुर्चीत बसून मी करणार काय? अर्ज डायरीत ठेवलाय. तारीख घातली नाही. मं.ला सांगितलं नाही.

२ डिसें., मंगळ.
सदरला डॉक्टरीणबाईंकडे. मं. सोबत. त्यांनी विचारलं, बीपीच्या गोळीशिवाय आणखी काय घेता? मी म्हटलं, काही नाही. कोरफड थोडीच औषध आहे!
मं. म्हणाली, "अवो, काहून लपवता? रस घेता ना रोज?"
बाईंचा पेन थांबला. कसा करता? मं.ने सगळं सांगितलं, अगदी कौतुकाने, सालासकट. मग त्या म्हणाल्या, सालीखाली जो पिवळा चीक असतो तो जुलाबाचाच. वर माझी बीपीची गोळी लघवी वाढवणारी. दोघांनी मिळून अंगातलं पोटॅशियम जातं, म्हणून पाय गळाले असतील. रस आजपासून बंद. रक्त तपासायला दिलं.
मी विचारलं, मग नुसता गर? त्या म्हणाल्या, आयबीएसमध्ये काहींना त्याने थोडा आराम पडतो, काहींना काहीच नाही. खात्रीने सांगावं इतकं अजून कळलेलं नाही. "तुम्ही मात्र मला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही." मान हलवली.
ऑटोत मं. रडली. "मीच पाजत होती तुम्हाले." म्हटलं, "अवं, पेत तर मीच होतो ना? अन् विचारलं मी तरी कुठं?" तरी रडतच होती.

४ डिसें., गुरु.
रिपोर्ट: पोटॅशियम कमी. बाकी सगळं ठीक. मोठं काही नाही! दोनदा वाचला, मग मं.कडून वाचून घेतला. हायसं वाटलं. आठवडाभर औषध, मग पुन्हा तपासणी.
डायरी मागे चाळली. उमरेडचे दोन दिवस. मीच लिहून ठेवलंय, रस नाही, पोट शांत. आणि श्रेय दिलं भाकरीला! बावीस वर्षं लोकांना सुट्टे पैसे मोजून देणारा माणूस मी.

११ डिसें., गुरु.
पुन्हा रक्त तपासलं. पोटॅशियम जागेवर. पिंडऱ्या ठीक. पोट अधूनमधून कुरकुरतं, पण ही जुनी ओळखीची कुरकुर, हिच्याशी जमवून घेता येतं. मं. कुंडीकडे बघतसुद्धा नाही. पाणी मीच घातलं. झाडाचा काय दोष?

१४ डिसें., रवि.
मं.ने आज स्वतःहून विचारलं, "साल काढून, चीक धुऊन, नुसता गर… बाईले इचारून पाह्यचं का?" म्हटलं, विचारू. पुढच्या वेळी. इकडे पोट सुरळीत आहे तर कशाला, असंही वाटतं.

१५ डिसें., सोम.
मं. सावनेरला निघाली, माहेरी. माझ्याच गाडीने. ड्रायव्हरच्या मागची सीट. पेट्रोल पंप आला तशी गजूभाऊने सवयीने गाडी हळू केली. मं.ने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत नुसता प्रश्न. मी मान हलवली, नाही. थांबू नको म्हणून डबल बेल दिली. ती समोर बघायला लागली, पण पदराने डोळे पुसताना मला दिसली.
अर्ज अजून डायरीतच आहे. फाडावा म्हटलं, हात झाला नाही. तारीखही घातलेली नाही.